गार पायाला दिलेला शेक

त्या दिशी घरात आमी चौघं हुतो. मी, माजा ल्योक, माजी सून आन् इस्लामपुरास्नं आलेली माजी थोरली ननंद. नात सांगलीला शिकाया असती, ती न्हवती. मालक जाऊन लय वर्सं झाली. शेजारचं कुनी आलं न्हाई, थंडी हुती म्हनून दार पुढं केल्यालं हुतं. तवा जे झालं ते आमी चौघांच्यात झालं, आन् त्यातबी विटंला हात माजा हुता. हे आदीच सांगून टाकती, म्हंजे पुढं कुनी सुनंवर न्हाईतर ननंदंवर घालायला नगं.

मी चौथीपातूर शिकले. लिवाया येतं, पर हात कापतो. म्हनून मी सांगती आन् नात लिवून घेती. तिला म्हनलंय, माजं बोलनं सुदरू नगंस.

ल्योक माजा फौजेत हुता, सतरा वर्सं. हवालदार म्हनून सुटला, पर आमच्या गावात फौजेतनं सुटल्याला समदे मेजरच. सुट्टीवर यायचा तवा गालफाडं बसल्याली असायची. तिकडं पळवून पळवून पार वाळवायचे. दोन म्हैन्याची सुट्टी असायची, आन् त्या दोन म्हैन्यात मी त्येला घालायची. शेवयाची खीर, शेंगदान्याची पोळी, वर तुपाची धार, आईतवारी कोंबडं. जाताना जरा भरल्यावानी दिसला की मला बरं वाटायचं. एसटीत बसवून मागं फिरली की मनात म्हनायची, चला, आता पुढच्या सुट्टीपातूर पुरंल त्येला.

मग तो कायमचा घरी आला. पळायचं बंद झालं, पर माजी सवय काय सुटली न्हाई. ते दोन म्हैनं संपलंच न्हाईत म्हना. कारखान्याच्या गेटवर शिकुरिटीत लागला. खुर्चीत बसायचं, ऊसाच्या गाड्या आत सोडायच्या, च्या प्यायचा, शिग्रेट वडायची. चार-पाच वर्सांत पोट पुढं आलं. बेल्टाला नवी भोकं पाडून घ्यायला लागला. सून म्हनायची, आवं, जरा कमी जेवा. मी तिला म्हनायची, माज्या पोराच्या ताटातलं तुला दिसतंय व्हय गं. ती बिचारी ताटं उचलाया लागायची. बायका म्हनायच्या, मेजर आता शोभाया लागला. आमच्यात वाळका मानूस दिसला की काय तरी आजार आसंल म्हनत्यात, आन् भरला की सुखाला लागला म्हनत्यात. मलाबी तेच वाटायचं. चरबी आत नळ्यांत जाऊन बसती हे कुटं दिसतंय डोळ्याला?

पायाचं कवा सुरू झालं ते त्येनं सांगितलं न्हाई. मला कळलं ते दुसऱ्याच्याच तोंडनं. आमचा मळा लांब न्हाई, ओढा वलांडला की आलाच. वाटंत दोन-तीन जनांचा ऊस लागतो. एक दिस त्यातला एक मानूस मला म्हनला, "आक्का, मेजर माज्या ऊसाकडं लय येळ बघत उभा ऱ्हातोय. रान इकत घ्यायचा इचार हाय का काय त्येचा?" मी हसले. घरी येऊन मीठमिरची लावून सांगितलं. सूनबी हसली. ल्योक हसला न्हाई. ताटात बोटं तशीच धरून बसला, आन् म्हनला, "आये, मी ऊस न्हाई बघत. माजा पाय चालत न्हाई."

पोटरीत गोळा येतोय म्हनला. शंभर-दीडशे पावलं गेलं की आवळल्यावानी हुतं. उभं ऱ्हायलं की जातं. परत चाललं की परत येतं. लोकास्नी कळू नये म्हनून तो दर खेपेला ऊसाकडं तोंड करून उभा ऱ्हायचा, न्हाईतर मोबाईल काढून बघायचा. असं साताठ म्हैनं चाललं हुतं.

साताऱ्याला सुटल्याल्या शिपायांचा दवाखाना हाय, तितं गेलो. मीबी संगं गेले. एकट्याला धाडला असता तर त्येनं घरी येऊन 'काय न्हाई, ग्यास हाय' म्हनून सांगितलं असतं. डाक्टरनं त्येच्या पावलावर बोट ठिवलं आन् लय येळ तसाच बसला. मला वाटलं, काय मंतर टाकतोय का काय. नाडी बघत हुता. हाताला असती तशी पायालाबी नाडी असती हे मला तवा कळलं. उजव्या पायाची घावलीच न्हाई. मग हाताला पट्टा बांधला, पायालाबी पट्टा बांधला, मशीन लावलं. हातात दाब किती, पायात किती. हातात हुता तेवढा पायात न्हवता.

डाक्टर म्हनला, रगत न्हेनाऱ्या नळ्या आतनं जाड झाल्यात, अरुंद झाल्यात, आन् ताठ झाल्यात. चालताना पायाला जादा रगत लागतं, तवा नळी फाकाया पाह्यजे, ती फाकत न्हाई, म्हनून दुखतंय. वजन हाय, साखर हाय, दाब हाय, वर शिग्रेट. पायात हे झालंय म्हंजे काळजाच्या नळ्यांतबी असू शकतं म्हनला. मला निम्मं कळलं, निम्मं न्हाई. येताना एसटीत लेकानं सांगितलं. म्हनला, आये, ठिबकच्या नळीत खार साठला की पानी पुढं जाईना हुतं, आन् श्यावटाकडचा ऊस वाळतो बघ. माजा पाय म्हंजे श्यावटाकडचा ऊस. एवढं मला कळलं. आमी दरसाल ठिबकच्या नळीत आसिड सोडून ती साफ करतो. मी इचारलं, तसं काय सोडाया येत न्हाई व्हय रं पायात? तो म्हनला, गोळ्या हायत, आन् चालायचं हाय.

चालायचं, हेच माज्या गळ्याखाली उतरंना. डाक्टरनं नीट सांगितलं हुतं, माज्या म्होरंच. "दुखायला लागेपर्यंत चालायचं. दुखलं की उभं राहायचं. दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, रोज." असं केलं की बाजूच्या बारक्या नळ्या हळूहळू मोठ्या हुत्यात, रगताला दुसरी वाट करून देत्यात, मोठ्या नळ्याबी जरा मऊ पडत्यात, वजनबी उतरतं. गोळी एकटी हे करीत न्हाई म्हनला. एक छापील कागद दिला. तो औषदांच्या पिशवीत घातला. आन् तो तितंच ऱ्हायला, कुनी उलगडून वाचला न्हाई. सुनंला वाचाया येतं, लेकाला येतं, पर गोळी कवा घ्यायची ते पाकिटावरच लिवल्यालं हुतं, मग कागद कशाला बघायचा?

मला का उतरंना ते सांगती. मी लगीन हून आले तवापास्नं भांगलन केली, ऊसाच्या मोळ्या उचलल्या, लेकाच्या येळला बाळंतपनाच्या आदल्या दिसापातूर वाकून खुरपत हुते. पाय सुजायचं, पोटऱ्यांत लोंबकळल्यावानी व्हायचं. दुखतंय म्हनलं तर सासू म्हनायची, चाल, कामानं जाईल. गेलं न्हाई ते. नुसतं सवयीचं झालं. मला उभ्या जल्मात कुनी 'बस' म्हनलं न्हाई. तवाच मनात धरलं हुतं, माज्या पोराला दुखलं तर मी बस म्हनीन. आन् आता एक शिकल्याला मानूस सांगतोय की दुखत असताना चालीव. माज्या सासूचंच बोलनं वाटलं मला ते.

तरी त्येनं सुरुवात केली. सकाळी फौजेतली जुनी बुटं घालून डांबरी सडकंनं निघायचा. पर आमच्याकडं वाटंनं चालत जानाऱ्याला टाकून गाडी पुढं न्हेत न्हाईत. वळख असली तर न्हाईच न्हाई. मोटारसायकल थांबायची. बसा मेजर. न्हाई, चालाया निघालोय. कुटंशी? कुटं न्हाई, नुसतंच. मग नुसतंच कशाला चालताय, बसा की, पेट्रोल माजं जळतंय, तुमचं काय जातंय? नगं म्हनलं की मानसं राग धरायची. एकजन तर मला येऊन म्हनला, मेजर आता मोठा झाला, आमच्या जुन्या गाडीवर बसत न्हाई. मग हा बसायचा. म्होरच्या गावात सोडला की तितनं परत फिरायचा, तवर कोन तरी दुसरा घावायचाच.

अर्ध्या तासानं दारात हजर. सून इचारायची, "झालं व्हय चालून?"

"झालं. जाताना सोसायटीचा सेक्रेटरी, येताना दूधवाला."

आमी हसायचो. तोबी हसायचा. दूधवाल्याच्या गाडीवर मागं दोन कॅन आन् मधी आमचा येवढा मोठा मेजर, असं दिसायचं ते.

पर दुसरं एक हुतं, ते हसन्यावारी न्यायसारखं न्हवतं. त्या सडकंवर सकाळी भरतीची तयारी करनारी पोरं पळत असत्यात. फौजेतनं आला तवा त्यानंच त्यास्नी पळायला शिकिवलं हुतं, शिट्टी घेऊन मोटारसायकलीवरनं मागं जायाचा. आता ती पोरं पळत जायाची आन् हा पुलाच्या कठड्याला धरून उभा. त्यातल्या एकानं एक दिस इचारलं, काका, दम लागला व्हय? पोराच्या मनात वंगाळ काय न्हवतं. पर माज्या लेकानं दुसऱ्या दिसापास्नं बुटं खाटंखाली सारली. सून म्हनली, आपन मागच्या पानंदीनं जाऊ, मीबी येती, माजंबी वजन वाढलंयच की. दोन-तीन दिस गेले दोघं. मग पानंदीत बायका म्हनाया लागल्या, मेजर-मेजरनी जोडीनं फिराया निघाली, पाचगनीला गेल्यावानी. सून लाजली. तेबी बंद पडलं. मग गळीत हंगाम सुरू झाला, कारखान्यात पाळ्या वाढल्या, त्यात कुनी चालायचं नावच काडलं न्हाई.

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. एखांद्या दिशी तो बुटाकडं बघायचा, तवा मीच म्हनायची, ऱ्हाऊ दे आज, दुखतोय न्हवं पाय? च्या टाकलाय, बस. तो बसायचा. चार म्हैनं गेलं असंल असं.

संक्रांतीच्या आदी ननंद आली, तीळ घेऊन. तिनं त्येचा पाय बघितला. उजवं पाऊल फिकं पडल्यालं, अंगठ्याकडं निळसर. हात लावून म्हनली, "अगं, ह्यो पाय दगडावानी गार हाय. तुमी शेकत न्हाई व्हय ह्येला?"

आमच्याकडं दुखलं की शेक, गारठलं की शेक. बाळंतिनीला शेक, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला शेक. वीट चुलीत तापवायची, ओल्या गोनपाटात गुंडाळायची, वाफ आली की अंगाला लावायची. माज्या सासूनं मला दिल्याली ती एकच माया, बाकी कायबी दिलं न्हाई तिनं. म्हनून मला शेक म्हनलं की लय मोठी गोष्ट वाटायची.

सून परातीत तीळ निवडत हुती. ती मला म्हनली, "आत्ती, साताऱ्याच्या डाक्टरला एक फोन करू का? त्येनी पायाचं काय तरी सांगितलं हुतं जपायचं."

मी म्हनलं, "शेकाया डाक्टर कशाला लागतोय? तुला बाळंतपनात कुनी शेकलं, डाक्टरनं का मी?"

ती खाली बघून परत तीळ निवडाया लागली.

मी वीट तापवली. गोनपाट भिजवलं, गुंडाळलं, आन् त्येचं पाऊल त्यावर ठिवलं. वाफ निघत हुती. ननंद म्हनली, असं. मी इचारलं, लागतंय का रं ऊन? तो म्हनला, "न्हाई लागत, आये. निवली वाटतं वीट." मी दुसरी काढली. ती जास्त तापल्याली. मला हातात धरवंना, चटका बसाया लागला, म्हनून मी माज्या हाताखाली फडकं दुहेरी केलं. त्येच्या पायाखाली न्हाई केलं. वरनंबी दुसरी वीट दाबली, बोटांवर. आता? तो जरा थांबला आन् म्हनला, "आता बरं वाटतंय."

ते त्येनं माज्यासाठी म्हनलं असंल. मी किती दिस त्येवर इचार करती. त्येला काय लागतच न्हवतं. साखरनं पायाची जानीव गेल्याली, आन् रगत पोचत न्हवतं. भाजतंय हे त्येला कळायला मार्गच न्हवता. मला व्हता. माजा हात भाजत हुता. ज्या विटंला माज्यासारखीचा घट्टं पडल्याला हात टिकंना, ती पायाला सोसती हे मी खरं कसं धरलं?

सकाळी उठून बघतो तर बोटांवर टम्म फोड. पावलाखाली एक मोठा. तो म्हनला, काय न्हाई, फुटून जाईल. फुटला. मी हळद भरली. आठ दिसांत हळदीखाली काळं दिसाया लागलं. गावातल्या डाक्टरनं ड्रेसिंग केलं, दोन-तीन डाव बघितलं आन् म्हनला, हे माज्याच्यानं हुनार न्हाई, सांगलीला न्या. त्येच दिशी न्हेलं. नात दवाखान्याच्या दारात उभी हुती. तिनं औषदांची पिशवी हातातनं घेतली, आतला कागद काडला, उभ्या उभ्या वाचला. मग आईला दाखवला. मला न्हाई दाखवला. मी इचारलं, काय लिवलंय गं? ती म्हनली, "आजी, यात लिवलंय पायाला शेक देऊ नका, गरम पान्याची पिशवी लावू नका." मग कागदाची घडी घालून तिनं पर्समदी ठिवला, आन् माजा हात धरून मला बाकड्यावर बसवलं.

डाक्टरीन वयानं सुनंएवढी असंल. तिनं ड्रेसिंग सोडून बघितलं. म्हनली, "हे भाजलेलं आहे. कशानं भाजलं?"

आमी समदे तितंच हुतो. मी, सून, नात. मग ल्योक म्हनला, "मीच शेकलं, मॅडम. थंडी हुती."

सुनंनं माज्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं. बोलायचं हुतं तर तवा बोलायचं हुतं. मी काय बोलले न्हाई.

जांगंतनं तार घालून नळीत फुगा फुगवायचा, वाट मोकळी करायची असं ठरलं. दोन बोटं गेल्यालीच हुती, ती काडायची. रगत पोचलं आन् जखम भरली तर पाय ऱ्हाईल, न्हाईतर गुडघ्याखालनं. असं तिनं सुनंला सांगितलं, सुनंनं सही केली. मला कुनी काय इचारलं न्हाई. इचारून तरी काय करनार?

मी लोखंडी बाकड्यावर बसून ऱ्हायची. डबा आला की धुवायची. धुतल्याला परत धुवायची. दवाखान्यातनं सांगितलं हुतं, तूप न्हाई, गोड न्हाई, तळल्यालं न्हाई, भाकरी एकच. डबा सांगलीतल्या सुनंच्या मावशीच्या घरनं यायचा, त्यातबी मला काय घालाया येत न्हवतं. माज्या हाताला जल्मभर दोनच कामं येत हुती माज्या मानसासाठी, खाऊ घालायचं आन् शेकायचं. दोन्हीबी आता वंगाळ ठरलं हुतं. तिसरं काय येत न्हवतं. त्येच्या खाटंपाशी बसले तर तो भिंतीकडं तोंड करून झोपल्यावानी करायचा. जागा हाय हे मला कळायचं. लहानपनीबी तो असाच पडायचा, रडायचं असलं की.

फुगा घातल्याच्या तिसऱ्या दिशी मी डाक्टरनीच्या खोलीत एकटीच गेले. दारातच उभी ऱ्हायले. म्हनलं, "बाई, ते त्येनं न्हाई शेकलं. वीट मी तापवली हुती."

ती काय तरी लिवत हुती. मान वर करून म्हनली, "मला अंदाज होता, आजी. स्वतःच्या पायाला दोन्ही बाजूंनी कुणी असं शेकत नाही." मला वाटलं आता मला बोल लावंल. मला ती बोलायला पाह्यजे हुती. तिनं खुर्ची दाखवली. म्हनली, "झालं ते झालं. आता मला सांगा, घरी गेल्यावर याला चालवणार कोण? फुग्यानं वाट मोकळी केलीय, पण वजन असंच राहिलं, बसूनच राहिला, तर ती परत बुजणार. दुसऱ्या पायाच्या नळ्याही बारीक आहेत."

मी म्हनलं, सून चालवंल.

"मग तुम्ही एवढंच करा. त्याला 'बस' म्हणू नका."

मी व्हय म्हनलं. एवढं सोपं काम कुनी मला आजवर सांगितलं न्हवतं, आन् एवढं अवघडबी.

दोन बोटं गेली. जखम भराया तीन म्हैनं लागलं. त्या तीन म्हैन्यांत सारखं हेच, आज काळं वाढलं का, आज लाल दिसतंय का. ड्रेसिंगवाली पट्टी सोडायची तवा समद्यांच्या आदी मी तिच्या तोंडाकडं बघायची, पायाकडं न्हाई. एक दिस ती म्हनली, छान आहे. त्या दिशी सून भाईर जाऊन रडून आली. मी रडले न्हाई, मला ते येत न्हाई.

पाय ऱ्हायला. त्येला आता एक येगळा बूट हाय, म्होरं भराव घातल्याला. शिग्रेट सोडली. ताट आता सून वाढती. मी त्या येळला भाईर सोप्यात जाऊन बसती. माज्यादेखत त्येनं भाकरी मागितली आन् माजा हात उठला तर, ते भ्या मलाच वाटतं. सुनंबद्दल एक सांगायचं ऱ्हायलं. एक दिस भांडी घासताना ती म्हनली, आत्ती, मी तवा फोन करायलाच पाह्यजे हुता, तुमचं ऐकायला नगं हुतं. म्हंजे तीबी ते वझं घेऊन फिरतीय. मी म्हनलं, तुजं त्यात काय न्हाई गं, तू बोलली हुतीस. ती भांडी घासतच ऱ्हायली. तिला ते पटलं का न्हाई कुनास ठावं.

लेकानं मात्र मला आजवर एका शब्दानं इचारलं न्हाई. मी डाक्टरनीला सांगितलं हे त्येला ठावं हाय, नातीनं सांगितलं. त्यावरबी काय न्हाई.

चालायला लागला तवा पैल्या दिशी मी संगं गेले. म्हनलं, पडला-बिडला तर. पान्याच्या टाकीपातूर गेला आन् पोटरी धरली. उभा ऱ्हायला. दात आवळल्यालं. घाम फुटल्याला. मी जवळच उभी. समोर कट्टा हुता. माज्या तोंडात शब्द आल्याला हुता, मी व्हट मिटून धरले, पदर तोंडात घातला. त्येनं ते बघितलं. जरा येळानं दुखनं गेलं, परत चालला. परत थांबला. चौथ्या डावाला म्हनला, "आये, तू उद्यापास्नं येऊ नगंस. दुखतंय ते मला सोसतं. तुज्या तोंडाकडं बघून चालवत न्हाई."

मग मी जात न्हाई. सकाळी तो आन् सून निघत्यात. लोकं काय म्हनत्यात ते आता सून ऐकत न्हाई. वळनापातूर मला दिसत्यात. तवर तो एकदा थांबतो, कवा कवा दोनदा. वळनाच्या पल्याड काय हुतं ते मला ठावं न्हाई. मी दारात बसून ऱ्हाती. पहिल्यापेक्षा लांब जातोय म्हनती सून, वजनबी उतरलंय जरा. दुसऱ्या पायातला दाब मशीनवर तेवढाच हाय, वाढला न्हाई, उतरलाबी न्हाई. डाक्टरनीला मी इचारलं, हा पाय तरी ऱ्हाईल न्हवं? ती म्हनली, चालू दे. व्हयबी म्हनली न्हाई, न्हाईबी म्हनली न्हाई.

हे ज्यानं कुनी वाचलं त्येला माजं येवढंच मागनं हाय. तुमच्या घरात कुनी अंगानं भरल्याला मानूस असंल, आन् चालताना त्येची पोटरी दुखत असंल, थांबलं की बरं वाटत असंल, तर त्येला डाक्टरकडं न्या आन् पायाची नाडी बघा म्हनून सांगा. पाय गार लागला तर शेकू नका. आन् डाक्टरनं चाल म्हनलं असंल, तर त्येला चालू द्या.